चिरबोटं

सोयाबीन काढणीला आलं की आम्हा पोरांचं लक्ष बांधावरच्या चिरबोटांवर. कोणी याला रानपोपटी म्हणतं, आमच्याकडे चिरबोटंच.

गुडघ्याएवढं झाड, फिकट पिवळं फूल आणि पानांखाली लटकणारे इवले कंदील. फूल गळालं की त्याच्या मागची हिरवी वाटी वाढत जाते आणि फळाला चहूबाजूंनी झाकून घेते. तो हिरवा फुगा कपाळावर आपटला की फट्कन वाजायचा. खायचं ते मात्र वाळून जाळीदार झालेलं, नुसता हात लावला तरी गळणारं. आत वाटाण्याएवढं पिवळसर फळ, बोटांना चिकटणारं. आधी गोड, मग आंबटसर, शेवटी बियांची कचकच. टोमॅटो-वांग्याच्याच कुळातलं ना ते! कच्चं फळ विषारी, म्हणून आजी आमच्या मुठी उघडून बघायची.

बाजारातली रसभरी ही याचीच मोठी बहीण. मी ती आवडीनं आणते, पण ही चव तिला नाही.

यंदा दिवाळीत गावी गेले तर तणनाशकानं बांध पार करपलेला. भावाला बोल लावत नाही, निंदणीला माणसं मिळत नाहीत. विहिरीच्या कठड्याला, दगडांच्या सांदीत एकच झाड उरलं होतं. सात फळं. पाच लेकीला दिली, एक मी खाल्लं. सातवं चुरगाळून परसात प्राजक्ताखाली पेरलं आणि भावाला बजावलं, "इथं फवारायचं नाही हं, दादा."