जड आर्मला साजेल अशी सुई : थोरेन्स टीडी १६० ची नोंदवही

जून, पहिला आठवडा

मामांचा थोरेन्स टीडी १६० अखेर फोंड्याला आमच्या घरी आला. मामा तारवटी; बोटीवर असताना हा रेकॉर्ड प्लेअर त्यांनी युरोपातून आणला होता. १९७२ साली बाजारात आलेलं हे मॉडेल, जर्मनीतल्या लार गावी बनलेलं. नवा बेल्ट घातला, बेअरिंगला तेल दिलं, मोटर गुपचूप फिरते. पण आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला हेडशेल असतं, त्यात बसवलेलं जुनं कार्ट्रिज, म्हणजे सुईचा डबा, निकामी झालंय. सुईच्या बारीक दांडीला (कँटिलिव्हर) धरून ठेवणारं रबर इतक्या वर्षांत कडक झालंय आणि सुई मोठ्या तानेला उडी मारते. अशा सुईखाली चांगली रेकॉर्ड घालायची नाही.

माझ्याकडे बहुतेक सगळं गाणंच आहे. केसरबाई, किशोरीताई, अभिषेकीबुवा, आणि लॉर्ना-ख्रिस पेरींच्या थोड्या कोकणी ४५च्या तबकड्या. म्हणून माझी कसोटी दोनच गोष्टींची : तानपुऱ्याची जवारी मोकळी ऐकू यावी, आणि बाजूच्या शेवटच्या पदात ‘स’, ‘श’ फाटू नयेत. दुसरी गोष्ट अवघड. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि जाड टोकाची सुई तिथे वळणं चुकवते.

जून, शेवट

मित्राचं ऑर्टोफॉन २एम रेड कार्ट्रिज आठवडाभर लावून पाहिलं. आवाज भरदार, मला आवडला. पण पावसात वाकलेल्या एका एलपीवर स्पीकरचे वूफर (खर्जाचे मोठे पडदे) श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर व्हायला लागले. तेव्हा आधी करायला हवा होता तो हिशेब मांडला.

आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक झोका तयार होतो. त्याची वारंवारता काढायला १५९ ला (एकूण वजन × कंप्लायन्स) च्या वर्गमुळाने भागायचं. वजन ग्रॅममध्ये; कंप्लायन्स म्हणजे सुईच्या दांडीचा मऊपणा, तो १० हर्ट्झवरचा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये यावं. त्याखाली गेलं तर वाकलेल्या तबकडीचे हेलकावे झोक्याला बळ देतात, फार वर गेलं तर तो गाण्यात घुसतो. माझ्या टीपी १६ आर्मचं प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं वजन) १६.५ ग्रॅम. २एम रेड ७.२ ग्रॅमचं, स्क्रू धरून एकूण साडेचोवीस, कंप्लायन्स २०. उत्तर ७.२. कार्ट्रिज उत्तम आहे, पण त्याला हलका आर्म हवा. माझा जड आहे.

शुअर कंपनीचं दुर्मिळ जुनं कार्ट्रिज शोधण्याचा मोह झाला होता, तोही सोडला. कंपनीनं २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं. शिवाय त्यांची नावाजलेली व्ही१५ सारखी कार्ट्रिजं मऊ सस्पेन्शनची, म्हणजे माझ्या आर्मवर पुन्हा तीच रड.

जुलै

ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज घेतलं. वजन ६.१ ग्रॅम, कंप्लायन्स ७ छापलाय. हा जपानी आकडा १०० हर्ट्झवरचा असतो, १० हर्ट्झसाठी तो दीडपट ते दुप्पट धरायचा. मी १२ धरला आणि उत्तर आलं साडेनऊ. ते वाचून जो आनंद झाला तो तुम्हाला वेगळा सांगायला नको.

बसवताना उजवा चॅनल गायब. वेर्णा-मुरगावकडून येणारा खारा वारा आणि पावसाळी ओल, हेडशेलच्या चिमुकल्या क्लिपांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. लाल तारेची क्लिप चिमट्यात धरून आत टूथपिक फिरवली, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब. काडीच्या टोकाला हिरवं लागलं आणि क्लिपच्या आतलं पितळ उजळ झालं. लाल उजवीकडचा धन, हिरवी त्याचा ऋण, पांढरी डावीकडचा धन, निळी त्याचा ऋण : हे कागदावर लिहून समोर ठेवा, चष्मा लावून काम करताना विसरतं.

मग सुईचा दाब लावला. आर्मवरच्या चकतीनं २ ग्रॅम दाखवलं तेव्हा डिजिटल काट्यावर १.७ आलं. काट्यावर विश्वास ठेवून २.० केलं. प्लेअर आता चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या फळीवर आहे. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर चालताना त्याच्या तिन्ही स्प्रिंगा नाचत होत्या.

फोनो प्रीअँपची (कार्ट्रिजचा क्षीण संदेश वाढवणाऱ्या यंत्राची) केबलही लहान केली. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड धारकता (कपॅसिटन्स) हवी, लांब केबल ती ओलांडते आणि वरचे सूर टोचू लागतात.

ऑगस्ट

जवारी आली! षड्जाची तार सुटली की मागून तिचं केसाळ झुळझुळणं ऐकू येतं. शेवटच्या पदातला ‘स’ अजून थोडा खरखरीत होता. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन तपासायच्या पट्टीवर) कार्ट्रिज किंचित वाकडं दिसलं, केसभर फिरवलं, बरंच सुधारलं. तरी अभिषेकीबुवांच्या एका बाजूच्या शेवटी ओठ चिकटल्यासारखे वाटतात.

व्हीएम९५च्या सगळ्या सुया एकाच बॉडीत बसतात, म्हणून एमएल, म्हणजे मायक्रोलिनियर, बारीक धारेच्या टोकाची सुई मागवली. महाग आहे, पण कंपनी तिचं आयुष्य १००० तास सांगते, लंबवर्तुळाकार ‘ई’चं ३००. तिचा छापील कंप्लायन्स १०, त्यामुळे हिशेबाचं उत्तर ८ च्या काठावर येतं, याची धाकधूक होती.

चवथीआधी

एमएल लावली. शेवटच्या पदातले ‘स’ सुटे झाले, आईसुद्धा दारातून म्हणाली, “आता शब्द कळतात रे.” सपाट तबकड्यांवर वूफर स्थिर. वाकलेल्या सहा-सात एलपींवर मात्र हलतात. त्यांच्या कव्हरवर पेन्सिलीने ‘ई’ लिहून ठेवलंय, त्या लावायच्या असल्या की सुई ओढून बदलतो, दाब दोन्हीला २ ग्रॅमच.

आजोबांच्या केसरबाईंच्या ७८च्या तबकड्या कपाटातच आहेत. टीडी १६० ला ती गती नाही, आणि त्यांच्या रुंद खोबणीला तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश) जाड सुई हवी. व्हीएम९५एसपी सुई तशी मिळते, पण तिचा दाब ५ ग्रॅम. त्यासाठी ७८ ची गती असलेला दुसरा प्लेअर बघतोय.