पुढच्या काचेचा टवका

सातारा ते कराड हे माझं रोजचं अप-डाउन. कराडला एका पतसंस्थेत नोकरी, आणि एस.टी.च्या वेळा जमत नाहीत म्हणून गेली काही वर्षं स्वतःची छोटी गाडी. सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून या पट्ट्यात वळणरस्ते आणि डंपर पाचवीला पुजलेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये काशीळच्या अलीकडे अशाच एका डंपरच्या मागे होते. आतली खडी ताडपत्रीने नीट झाकलेली होती, पण मागच्या जोडचाकांच्या मधल्या फटीत अडकलेला खडा वेग वाढला की सुटतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. 'टाक्' असा आवाज आला. गोळी लागावी तसा. पोटात धस्स झालं.

उंब्रजला गाडी बाजूला घेऊन पाहिलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेपासून चार बोटं वर, रुपयाच्या नाण्याहून लहान टवका उडाला होता. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आणि भोवती तीन बारीक पाय. समोरचं सगळं नीट दिसत होतं. मी हायसं वाटून पुढे निघाले, आणि माझी चूक इथेच झाली.

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, "उद्याच्या उद्या भरून घे. आत धूळ-पाणी गेलं की मग काही उपयोग नाही." पण पतसंस्थेत काम करणाऱ्यांना मार्च एंड म्हणजे काय ते सांगायला नको. वसुली, ताळेबंद, ऑडिटरच्या शंका. रात्री नऊला घरी पोचायचे. त्या टवक्यावर साधी चिकटपट्टी लावायचंही सुचलं नाही. मधे दोनदा गाडी धुतली, प्रेशरच्या पाण्याने.

३ एप्रिलला दुपारी एका कर्जदाराकडे जायचं होतं. गाडी कराडच्या उन्हात तीन तास उभी होती, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. आत बसले, ए.सी. पूर्ण सोडला आणि हवेची दिशा काचेवर होती ती बदलली नाही. दोन-तीन मिनिटांत 'कट्' असा बारीक आवाज झाला. टवक्याच्या एका पायाने खाली कड गाठली होती आणि दुसरा पाय माझ्या डोळ्यांदेखत सरकत होता. सावकाश, केसासारखी रेघ. सिग्नलला थांबले तेव्हा वीतभर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हातभर झाली आणि ड्रायव्हरच्या बाजूला वळली. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या रेघेवर पडला की तो फुटून दोन दिसायचा.

पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा असतात, आणि त्यांच्या मधे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. खडा लागतो तो बाहेरच्या काचेला. आतून नख फिरवलं तर काही लागत नाही. त्या पापुद्र्यामुळेच काच फुटली तरी अंगावर सांडत नाही, जागच्या जागी धरून राहते. आप्पा सांगतात, पूर्वी काही गाड्यांना पुढेही टफन काच, म्हणजे एकाच थराची कडक केलेली काच, असायची. दगड लागला की ती क्षणात पांढरीफट्ट व्हायची, ड्रायव्हरला काही म्हणजे काही दिसायचं नाही आणि मग दाणे दाणे होऊन मांडीवर पडायची. आताची काच त्या मानाने देवाची कृपा आहे. पण तिच्यातली चीर एकदा कडेपर्यंत गेली की ती भरून येत नाही, कारण काचेवरचा ताण कडेलाच सगळ्यात जास्त असतो. साताऱ्याच्या काचवाल्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, हे महिन्यापूर्वी आणलं असतं तर पाच-सातशेत काम होतं. आता काच बदलायची."

मग विम्याचा प्रश्न आला. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, क्लेम टाक. मी रोज दुसऱ्यांच्या व्याजाची गणितं करते, म्हणून टाकायच्या आधी कागद घेऊन बसले. ते गणित इथे मांडते, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही.

काचेचा एकूण खर्च ९,४०० रुपये सांगितला होता: काच ७,२००, रबराची पट्टी ६००, चिकटवायचं साहित्य ८००, मजुरी ८००. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण रबर-प्लॅस्टिकवर निम्मा कापतात, चिकटवायचं साहित्य माझ्या साध्या पॉलिसीत बसत नव्हतं, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये आपल्या खिशातून जातातच. म्हणजे हातात येणार ७,३००. आता दुसरी बाजू. गाडी २०२० ची, एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के होता आणि पुढच्या नूतनीकरणाला ५० होणार होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि मग वर्षावर्षाला २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. पाच वर्षांत मिळून हप्त्याच्या ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट सूट हातची जाणार. गाडीच्या नुकसानीपोटीचा माझा मूळ हप्ता ८,००० च्या आसपास. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरत जातो ते धरूनही आठेक हजारांचा फटका दिसत होता. ७,३०० मिळवायला ८,००० घालवायचे, आणि वर्षात खरंच मोठा अपघात झाला तर तो क्लेम वेगळा. मी क्लेम केला नाही. ज्यांच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस राखण्याचं जोडकलम आहे, किंवा ज्यांची काच महाग आहे, पावसाचा सेन्सर नाहीतर कॅमेरा बसवलेली आहे, त्यांचं गणित उलटं येईल. पण ते करून बघा. आणि क्लेम करायचाच असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काचेला हात लावू देऊ नका.

काच बदलायला शनिवार घेतला आणि मी दुकानातच बसून राहिले. आधी नव्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघितला: लॅमिनेटेड (म्हणजे तीच दोन काचांची) असं लिहिलेलं, आयएसआयची खूण आणि कंपनीचं नाव. मग वायपर निघाले, खालची काळी जाळी निघाली. जुनी काच काढायला दोघांनी तार घेतली, एक आत, एक बाहेर, आणि करवतीसारखी ओढत चिकटवलेला थर कापत गेले. अर्ध्या तासात काच हातात. उघड्या चौकटीतून डॅशबोर्डवर सरळ ऊन पडलेलं बघून कसंतरीच झालं. जुना थर पात्याने तासला, प्रायमर लावला, बंदुकीतून काळा पीयू गोंद काढत चौकटीभर एकसारखी वळी घातली आणि रबरी चोषकांनी धरून काच बसवली. गोंद वाळायला वेळ लागतो आणि तोवर काच नुसती टेकलेली असते. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते तेव्हा ती याच काचेच्या आधारावर उघडते, हे ऐकल्यावर मी गाडी त्या दिवशी न्यायचा हट्टच सोडला. दुसऱ्या दिवशी नेली. सूचना एवढ्याच होत्या: दारं आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणजे आतल्या हवेचा दाब काचेवर येणार नाही, आणि दोन दिवस गाडी धुऊ नका.

जुन्या काचेबरोबर काय काय गेलं, हे मात्र सोमवारी तासवडे टोलनाक्यावर कळलं. फास्टॅग! तो काढून नव्या काचेवर लावता येईल असं मी धरून चालले होते. पण काढताना फाटावा अशाच पद्धतीने तो बनवलेला असतो, आतली तार तुटली की संपला. काचवाल्याने तो सोलून माझ्या हातात दिला होता, मी तो डॅशबोर्डवर ठेवला होता, आणि नाक्यावरच्या यंत्राला काही तो वाचता येईना. दुप्पट टोल भरला. संध्याकाळी येताना पुन्हा दुप्पट. (१५ नोव्हेंबर २०२५ ला नियम बदलला: टॅग चालला नाही आणि यूपीआयने पैसे दिले तर सव्वापट घ्यायला लागले, रोख दिले तर तेव्हाही दुप्पटच.) बँकेला फोन केला, आरसीच्या दोन्ही बाजू, गाडीचे समोरून आणि बाजूने फोटो पाठवले, १०० रुपये भरले. नवा टॅग सहा दिवसांनी आला. तोवर मी एस.टी.ने गेले. काच बदलायची तारीख ठरली की आधी बँकेशी बोलून घ्यायला हवं होतं.

दुसरा राहिलेला स्टिकर म्हणजे काचेवरची तिसरी नंबरप्लेट, पेट्रोल गाडीला निळा असतो तो. तोही सोलला की फाटतो. तो गाडीच्या शोरूममधून मागवला.

इथे विषय संपायला हवा होता. पण २०२५ च्या मेमध्ये पाऊस किती लवकर आणि किती धो धो आला, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या पावसाच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीटखालची चटई हाताला ओली लागली. चौथ्या दिवशी गाडीत कुबट वास. दुकानात गेले तर म्हणाले, "ए.सी.चं पाणी असेल, मॅडम." गाडी घरी आणल्यावर आप्पांनी डॅशबोर्डच्या कडेला आणि काचेच्या बाजूच्या खांबाच्या पायथ्याला वर्तमानपत्राचे तुकडे खोचले आणि मला बाहेरून नळीने पाणी सोडायला लावलं, आधी खाली, मग हळूहळू वर. दाब नाही, नुसती धार. शेजारच्या बाजूचा वरचा कोपरा आला आणि खांबाजवळचा कागद दहा-बारा सेकंदांत काळपट झाला. आप्पांनी त्याचा फोटो काढला.

तो फोटो आणि बिल घेऊन पुन्हा दुकानात. या वेळी मी आवाज चढवला, कारण हा पैशाचा प्रश्न नव्हता. जिथून पाणी येतं तिथे काच चिकटलेली नाही, आणि मी त्या काचेमागे ऐंशीच्या वेगाने रोज बसते. शेवटी त्यांनी पट्टी उकलली. कोपऱ्यात नखाएवढा गंज होता, त्याच्यावरच गोंद घातला होता आणि गंजाबरोबर तो सुटून आला. पूर्ण काच पुन्हा काढली, गंज घासून प्रायमर लावला, नवी वळी घातली. पैसे घेतले नाहीत. काच बसवून झाल्यावर दोन दिवसांनी, पावसाची वाट न बघता, नळीची धार सोडून बघायला हवी. मी ती परीक्षा मेवर सोडली होती.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा खडा लागला. नागठाण्याजवळ, या वेळी मधोमध वरच्या बाजूला. आवाज तोच, पण आता हात आपोआप चालले. गाडी थांबवली, कोरड्या फडक्याने हलकेच पुसलं आणि पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला. पाणी नाही, ए.सी. काचेवर नाही, आणि कुणी सुचवलं तरी फेविक्विक तर मुळीच नाही; तो आत वाळून बसला की खरं औषध आत जायला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडला टवक्यात रेझिन (पातळ, पारदर्शक गोंद) भरणाऱ्याकडे गेले.

त्याने आधी गाडी सावलीत घेतली. खड्ड्यातला सुटलेला काचेचा चुरा सुईने टिपला, मग तिपाईसारखं एक यंत्र चोषकाने काचेवर बसवलं आणि मधली नळी बरोब्बर खड्ड्यावर आणली. दट्ट्या मागे ओढला की आतली हवा बाहेर, पुढे दाबला की रेझिन आत. असं चार-पाच वेळा. मी आत बसून बघत होते. टवक्याचे पाय काळे दिसतात, कारण त्यांत हवा असते. रेझिन शिरलं की एकेक पाय टोकापासून विरत गेला. एक पाय अडून बसला होता, त्याच्यावर त्याने आतून अंगठ्याने अलगद दाब दिला आणि तोही गेला. मग वर छोटी पारदर्शक फिल्म ठेवून जांभळा दिवा लावला, थोड्या वेळाने पात्याने वरचा भाग तासला आणि पॉलिश केलं. पाऊण तास, ७०० रुपये.

डाग पूर्ण जात नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. वाळलेल्या थेंबासारखी खूण आहे, कुठे आहे ते माहीत असेल तरच दिसते. घरी आल्यावर आप्पांनी चष्मा लावून तिच्यावरून दोनदा नख फिरवलं. अडलं नाही. मग त्यांनी चिकटपट्टीची रिळ आणली आणि गाडीच्या कप्प्यात आरसीच्या शेजारी ठेवली.