तुमचा काचबिंदू आमच्या फॉर्मवर लागतो

इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडलेला माणूस डोळे तपासायला गेला की अक्षरांची पाटी समोर येण्याआधी एक प्रश्न येतो: आई, वडील, सख्खं भावंड किंवा मूल, यांच्यापैकी कुणाला काचबिंदू आहे का? उत्तर 'हो' असेल तर तपासणीचे पैसे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा भरते आणि वर्षभराने पुन्हा तपासणी करून घेता येते. उत्तर 'नाही' असेल, आणि मधुमेहासारखं दुसरं कारणही नसेल, तर साठी गाठेपर्यंत खर्च आपला आणि तपासणी साधारण दोन वर्षांनी. इथल्या मराठी घरांतून सर्रास येणारं उत्तर मात्र या दोन्हींत बसत नाही. "बाबांच्या डोळ्याचं काहीतरी ऑपरेशन झालंय. थेंबही घालतात. कशाचे ते विचारायला हवं."

हे त्या बाबांसाठी आणि आईंसाठी लिहितोय. फोनवर गुडघे, शुगर, बीपी सगळं निघतं. डोळ्यांचं "आता बरं दिसतं" एवढ्यावर आटोपतं. मोतीबिंदू काढला असेल तर तेवढंही चालेल. काचबिंदू असेल तर मुलांना, पुतण्या-भाच्यांना नव्हे, अगदी सख्ख्या मुलांना आणि तुमच्या भावंडांना ते नावानिशी कळायला हवं.

कारण काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात काही दुखत नाही. नजर कडेकडून जाते आणि समोरचं शेवटपर्यंत वाचता येतं. पाटीवरची ६/६ ची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याची नसही बरीच वाळलेली असू शकते. गेलेली नस परत येत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन हे सगळं उरलेली नजर राखण्यासाठी. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोनच बंद होतो, तो प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो.

इथला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा, तीन गोष्टी एकत्र बघतो. पहिली, डोळ्यातला दाब. यंत्र डोळ्यावर हवेची बारीक फुंकर मारतं; १० ते २१ साधारण नेहमीचा आकडा, आणि २४ किंवा त्यावर गेला तर पुन्हा मोजून मग हॉस्पिटलकडे पाठवण्याचा विचार, अशी इथली मार्गदर्शक रेषा आहे. दुसरी, नसेच्या तोंडाशी असलेला खळगा. तो त्या तोंडाच्या पूर्ण चकतीच्या किती भागात पसरलाय, हे ०.३, ०.५, ०.७ असं लिहितात. मोठ्या खळग्यापेक्षाही दोन डोळ्यांतला फरक जास्त बोलका असतो: एकीकडे ०.३ आणि दुसरीकडे ०.६ असेल तर शंका घ्यायलाच हवी. तिसरी, कडेच्या नजरेची चाचणी. मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. पहिल्या खेपेस अनेकांची ही चाचणी खराब येते, कारण दिवा शोधायला नजर हलते. म्हणून एकाच खराब निकालावर कुणी काचबिंदूचा शिक्का मारत नाही.

एकटा दाब फसवतो. दाब १६ असूनही काचबिंदू असलेले रुग्ण असतात. बुबुळाचा पारदर्शक पडदा जाड असेल तर यंत्र आकडा जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी. चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन पुण्या-मुंबईत करून इकडे आलेली मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्या ऑपरेशनात हाच पडदा पातळ केलेला असतो. म्हणजे खरा दाब २३ असताना यंत्रावर १८ दिसू शकतो आणि सगळे निर्धास्त राहतात. आता चष्मा नाही म्हणून लेसर झाल्याचं सांगायचं राहून जातं. ते सांगाच, आणि ऑपरेशनच्या आधीचा नंबर आणि पडद्याची जाडी असलेला कागद मिळाला तर जपून ठेवा.

आता तुमच्या कपाटातली डोळ्यांच्या कागदांची फाइल. कागदावर इंग्रजी आद्याक्षरांची गर्दी असते, पण वाचायची मोजकीच आहेत. पीओएजी किंवा पीएसीजी लिहिलं असेल तर काचबिंदू आहे, पहिला उघड्या कोनाचा, दुसरा बंद कोनाचा. 'ग्लॉकोमा सस्पेक्ट' म्हणजे संशयावर नजर ठेवली आहे, निदान झालेलं नाही; मुलांनी तसंच सांगावं, सरळ 'हो' म्हणू नये. आयओपीपुढे दोन्ही डोळ्यांचा दाब असतो, सी/डीपुढे खळग्याचं प्रमाण. फेको आणि आयओएल हे मोतीबिंदूचे शब्द. खरा घोटाळा 'याग लेसर'ने होतो, कारण तेच लेसर दोन कामांना वापरतात. 'याग कॅप' म्हणजे मोतीबिंदूनंतर भिंगामागे आलेली जाळी साफ केली, त्याचा काचबिंदूशी संबंध नाही. 'याग पीआय' म्हणजे कोन बंद होऊ नये म्हणून बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडलं, आणि ही माहिती मुलांना हवीच हवी. या पानाचा आणि थेंबांच्या बाटलीचा असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बाटलीची बारीक अक्षरांतली औषधाच्या मूळ नावाची बाजू घ्या, कंपनीचं नाव इथे कुणालाच कळत नाही.

मला या देशाच्या व्यवस्थेत सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे इथे नंबर काढणं आणि डोळा तपासणं कायद्यानेच एकत्र बांधलंय. १९८९ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी तपासणाऱ्यावर बंधन घातलंय की नंबर काढताना डोळा आतून-बाहेरून बघायचा, रोगाची खूण दिसते का ते पाहायचं, आणि तपासणी संपल्या संपल्या नंबरचा कागद हातात द्यायचा. चष्मा त्या दुकानातून घ्या, दुसरीकडून घ्या किंवा घेऊच नका, कागद तुमचाच. हे सगळं बाजारपेठेतल्या साध्या चष्म्याच्या दुकानात होतं, हॉस्पिटलात नव्हे. स्कॉटलंड तर आणखी पुढे गेलं: तिथे २००६ पासून डोळ्यांची तपासणी सगळ्यांनाच मोफत आहे, वय किंवा आजार न बघता.

आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर निघतो, ट्रायल फ्रेम चढते, 'हे स्पष्ट की ते' होतं आणि संध्याकाळी चष्मा तयार. झटपट आणि स्वस्त. पण डोळ्याच्या मागे कुणी डोकावलेलंच नसतं, आणि दर दोन वर्षांनी नंबर 'चेक' करणारा माणूस डोळे तपासल्याच्या समाधानात राहतो. मोठ्या शहरातल्या चांगल्या दुकानांत शिकलेले ऑप्टोमेट्रिस्ट बसतात हे खरं, पण तो त्या दुकानाचा चांगुलपणा. मागून घेण्याचा हक्क नव्हे.

तरी कुणी इथलं सगळं सोन्याचं म्हणत असेल तर ते मी ऐकून घेणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन घ्या. एनएचएसचा नियम सांगतो की १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. प्रत्यक्षात ही मुदत अनेक ठिकाणी उलटते. आपल्याकडे ठरवलं तर पुढच्या आठवड्यात होतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम, मोठ्या संख्येने आणि गरिबाला फुकट कसं करायचं हे त्याने जगाला दाखवलं. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून आणणं परवडेना, तेव्हा त्यांच्याच ऑरोलॅबने ते १९९२ पासून मदुराईत बनवायला घेतलं. पुण्यात ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे, मुंबईत जे. जे. आहे. म्हणून आईवडिलांचा मोतीबिंदू गावीच काढायचा असं आम्ही ठरवतो, तेव्हा त्यात टाळाटाळ शोधू नये. ते ऑपरेशन तिथेच चांगलं होतं, आणि नंतरचे चार-सहा आठवडे थेंब घालायला जवळची माणसंही तिथेच असतात.

आणि एका बाबतीत इथल्या दुकानांचा मला मनापासून राग आहे. नंबरच्या कागदावर दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला सगळे पीडी म्हणतात, ते लिहिणं इथे बंधनकारक नाही. नंबर द्यायलाच लागतो, पण हा एक आकडा राहतो, आणि तो नसेल तर बाहेरून किंवा गावाहून चष्मा करून घेणं अवघड जातं. मागितला तर काही दुकानं देतात, काही त्याचे वेगळे पैसे लावतात, काही सरळ नाही म्हणतात. हा आकडा किरकोळ नाही. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर काच प्रिझमसारखी वागते. हिशेब सोपा आहे: सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर. −६ ची काच प्रत्येक डोळ्याला २ मिलिमीटर चुकली तर ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२ प्रिझम एका डोळ्याला, दोन्ही मिळून जवळजवळ अडीच. नवीन चष्म्याने डोकं दुखतं, तेव्हा लोक नंबरला दोष देतात. पुष्कळदा दोष इथे असतो. −१ नंबरवाल्याला एवढ्या चुकीने काहीही होत नाही. म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी गावी आल्यावर पीडी मोजून घ्यावा, दूरचा आणि जवळचा दोन्ही, प्रत्येक डोळ्याचा वेगळा. मोठ्या माणसाचा तो बदलत नाही, एकदा लिहून ठेवला की झालं. मुलांचा वाढतो, त्यांचा दर वेळी मोजायचा.

दोन देशांचे कागद शेजारी ठेवले की आणखी एक घाबरगुंडी उडते. इकडचा −२.०० / −१.०० × १८० आणि तिकडचा −३.०० / +१.०० × ९० हे दोन नंबर एकच आहेत. लिहायची पद्धत वेगळी, एवढंच. पहिल्या आकड्यात दुसरा मिळवायचा, दुसऱ्याचं चिन्ह उलटं करायचं, तिसरा आकडा, म्हणजे अक्ष, ९० ने फिरवायचा. जुळलं तर नंबर बदललेला नाही.

मुलांचं इथे सोपं आहे. सोळा वर्षांखालच्या सगळ्यांची तपासणी मोफत आणि चष्म्यासाठी व्हाउचर. पूर्णवेळ शिकत असतील तर १९ वर्षांचे होईपर्यंत. फ्रेम मोडली तर दुरुस्तीलाही व्हाउचर मिळतं. व्हाउचरच्या रकमेत बसणाऱ्या फ्रेम प्रत्येक दुकानात वेगळ्या लावलेल्या असतात, त्या विचारून आधी बघाव्यात. चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर शाळेत तपासायची अशी राष्ट्रीय शिफारस आहे, आणि ती आळशी डोळ्यासाठीच. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, आणि मूल दुसऱ्या डोळ्याने झकास चालवून नेतं, त्यामुळे घरी कुणाला पत्ता लागत नाही. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. क्रम ठरलेला आहे: आधी फक्त चष्मा, साधारण १६ ते १८ आठवडे, दिवसभर. एवढ्यानेच अनेकांची नजर सुधारते. उरलं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, कमतरता मध्यम असेल तर दिवसाला दोन तास, जास्त असेल तर सहा. आजी-आजोबांना विनंती एवढीच, की "एवढ्याशा पोराला चष्मा?" असं व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर म्हणू नका. मूल चष्मा काढून ठेवायला लागतं, आणि त्या १६ आठवड्यांतला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

लहान मुलांचा नंबर डोळ्यात औषध घालूनच काढावा. त्याशिवाय नुसत्या कॉम्प्युटरवर काढला तर मूल आत ताण देतं आणि मायनस नंबर वाढीव येतो. इथे सायक्लोपेंटोलेट घालतात, अर्धा-पाऊण तास थांबतात आणि मग मोजतात. पुढचा दिवसभर जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. त्या दिवशी गृहपाठ नको.

सुटीत गावी आलेल्या मुलांच्या डोळ्यांना धुळीने खाज सुटते. मेडिकलमधून थेंब येतात, दोन दिवसांत आराम पडतो, आणि मग ते थेंब इकडे येणाऱ्या बॅगेत पडतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठवडेच्या आठवडे घातलं तर दाब वाढतो आणि मुलांनाही काचबिंदू होऊ शकतो. इथे हे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि ते योग्यच आहे. आपल्याकडेही चिठ्ठी लागते, पण ती कुणी मागत नाही.

मधुमेह असलेल्यांची डोळ्याच्या मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी इथे चष्म्याच्या तपासणीहून वेगळी असते. वयाच्या बारा वर्षांपासून पुढे पत्र घरी येतं, बाहुली मोठी करून पडद्याचे फोटो काढतात. लागोपाठ दोन वेळा सगळं स्वच्छ आलं तर पुढचं बोलावणं दोन वर्षांनी. चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो म्हणून हे पत्र बाजूला टाकणारे आपल्यात खूप आहेत. त्या दिवशी गाडी घरी ठेवावी, थेंबांनंतर काही तास चालवता येत नाही.

इकडे यायला निघालेल्या आईवडिलांसाठी शेवटचं. पाहुण्यांना एनएचएसच्या हॉस्पिटलातल्या उपचारांचं बिल दीडपट दराने लागतं. तातडीच्या विभागात तपासणं मोफत, पण दाखल केलं की बिल सुरू. प्रवास विम्यात आधीचा काचबिंदू नमूद करा. थेंब पूर्ण मुक्कामाचे आणा, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. बाटली उघडली की त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि चार आठवड्यांनी टाकून द्या, थेंब उरले असले तरी. लॅटानोप्रोस्टच्या काही बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, खोक्यावर वाचून घ्या. टिमोलोल असेल आणि दमा असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि प्रत्येक थेंबानंतर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं.