रोख मार्टात, उधारी अण्णांकडं

शनिवार, रात्री जेवणं उरकल्यावर

आज घरखर्चाची वही चाळत बसले आणि एक गोष्ट अशी खटकली की झोपच उडाली. दिवसभर मी दुसरं काय करते, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते, सौदा, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, त्यामुळं कुणाचा पैसा कुठं जातोय आणि कुणाचा अडकलाय हे आकड्यांवरनं लगेच कळतं. घरच्या वहीकडं मात्र त्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं. आमच्या घरातला रोख पैसा जवळजवळ सगळा मार्टात जातो, पगार झाला की पहिल्या आठवड्यात, आणि उधारी सगळी गल्लीतल्या अण्णांच्या किराणा दुकानात, वीस तारखेनंतर.

मार्टात का जातो, तर परवडतं म्हणून, ह्यात काय गूढ नाही. तेल, साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट, चहा असं महिन्याचं भरलं की चारशे-साडेचारशे वाचतात. ह्यांची नोकरी कुपवाड एमआयडीसीत, ओव्हरटाइम बंद झालाय, पोरगी दहावीला, आणि आत्तींच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तर चुकवताच येत नाहीत. ते वाचलेले चारशे सरळ मेडिकलात जातात. नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून मेसेज येतो, मोठ्या दुकानांवर बहिष्कार घाला, आपल्या गल्लीतला दुकानदार जगवा वगैरे. पाठवणारे आमचे भाऊजी कार घेऊन मार्टात जातात हे मला माहितीय, पण ते असू दे. मला राग ह्याचा येतो की ज्याला चारशे रुपयानं काही फरक पडत नाही तोच हे तत्त्वज्ञान सांगतो.

तरी पण मेसेजातलं सगळंच खोटं आहे असंही म्हणता येत नाही ना.

मी मध्ये डीमार्टवाल्या दमाणींबद्दल वाचलेलं. पहिलं दुकान २००२ ला पवईत काढलं, जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकतच घ्यायची, आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव पाडून देतो. हिशेब लिहिणारी बाई म्हणून मला हे पटतं, अगदी कौतुक वाटतं, कारण वेळेवर पेमेंटची किंमत काय असते ते मी रोज बघते. पण हेच उलटं करून बघितलं की अण्णा दिसतात. अण्णा गणपती पेठेतल्या होलसेलवाल्यांकडनं माल उधारीवर उचलतात, आम्हाला उधारीवर देतात, आम्ही दहा तारखेला देतो म्हणून पंधराला देतो, मग ते पेठेत वीसला देतात, त्यांना कोण भाव पाडून देणार? म्हणजे अण्णांचं दुकान महाग असण्यात थोडा हात आमचाही आहे.

आणि कंपन्याही काही कमी नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला वितरकांनी महाराष्ट्रात कोलगेटचा काही माल दुकानांना पोचवायचा बंद केला होता, भांडण हेच की बड्यांना एक भाव आणि आम्हाला एक. अण्णा म्हणतात, "वहिनी, कंपनीच्या पुड्यावर मला शंभराला आठ-दहा सुटतात, तिथं पंधरा कमी करून विकतात, मग मी काय घरातलं घालू?"

मार्टात माणसांना कसं वागवतात हाही एक विषय आहेच. ओळखीतली एक पोरगी अशाच एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे, उभं राहून राहून पाय सुजतात म्हणते. केरळनं २०१८ ला आणि तमिळनाडूनं २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालंच पाहिजे असा कायदा केला, आता बसायला मिळावं म्हणून कायदा लागतो ह्यावरनं काय ते समजा. पण त्याच पोरीचा पीएफ कापला जातो, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे, तिच्या आईचं ऑपरेशन त्यावरच झालं. अण्णांकडं पुड्या बांधणाऱ्या पोराला ह्यातलं काहीच नाही, आणि कायद्याची सक्तीही नाही, सक्तीला पीएफसाठी वीस माणसं लागतात आणि ईएसआयसाठी दहा, अण्णांकडं तो एकटा. सुट्टी मागितली की अण्णा आठवडाभर तोंड वाकडं करतात. त्यामुळं छोटं ते चांगलं आणि मोठं ते वाईट एवढं सरळ गणित मला काय जमत नाही बाबा.

पण मग २०१९ चा पूर आठवतो. आम्ही गावभागात राहतो, त्या ऑगस्टात घरात पाणी, दुकानात पाणी, अण्णांची साखरेची पोती तर पोत्यातच विरघळून गेली. पाणी उतरल्यावर सगळीकडं चिखल, लाईट नाही, आणि हा माणूस कुठनंतरी तांदूळ, मेणबत्त्या, काड्यापेट्या आणून ओल्या फळीवर मांडून बसला. उधारीची वही भिजून लगदा झालेली. कुणाची किती बाकी ते ज्याचं त्यानं सांगायचं आणि अण्णांनी नव्या वहीत लिहून घ्यायचं. आमची बाकी आत्तींनी सांगितली, अण्णांनी वर न बघता लिहिली. कुणी कमी सांगितली असेल का, असेलच की. अण्णांना कळलं नसेल का, कळलं असणारच.

आता गंमत सांगते. गेल्या महिन्यात मार्टात तेलाच्या रांगेत उभी होते, पुढं ट्रॉली कुणाची तर अण्णांच्या दुकानातल्या बबनची! ट्रॉलीत तेलाच्या पिशव्या, साबणाचे गठ्ठे, आणि बोर्ड लावलेला की एका बिलावर चारच, म्हणून त्यानं मेव्हण्याला आणि शेजारच्या दोन पोरांना पण आणलेलं. मला बघून लाजला बिजला काही नाही, म्हणाला, "काकी, होलसेलपेक्षा हितंच स्वस्त पडतंय ओ." म्हणजे मी महिनाअखेरीला अण्णांकडनं छापील किमतीला जे तेल उधारीवर आणते ते मार्टातनंच आलेलं असतं. हसावं का रडावं कळेना. पण नंतर विचार केला तर त्या वरच्या पंधरा-वीस रुपयांत काय काय आलं बघा, बबनची फेरी, रात्री नऊला उघडं दार, आणि हात पसरायला न लावता मिळालेली वीस दिवसांची उधारी. बँक तरी एवढ्यात देईल का?

आणि स्वस्तात घ्यायला पण आधी हातात पैसा लागतो. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी अण्णांकडनं दहाचं तेल, पाचची चहापूड, दोन अंडी असं नेतात. त्यांना पाच लिटरचा कॅन स्वस्त पडेल हे त्यांनाही कळतं, पण तेवढे एकदम आणायचे कुठनं? किलोचा भाव काढला तर आमच्यापेक्षा त्याच जास्त देतात. अण्णा उद्या बंद झाले तर मी कुरकुरत का होईना रिक्षानं मार्टात जाईन, मावशींनी काय करायचं?

ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग काय, मार्ट बंद करायचं का?" म्हणलं नाही, तेवढी मी मोठी नाही. पुड्यातलं मार्टातनंच. पण सुटं सगळं, डाळ, गूळ, शेंगदाणे, शाबू, ज्वारी, ते अण्णांकडनं आणि तेही रोखीनं, पहिल्या आठवड्यात. सुट्या मालात त्यांना जरा बरं सुटतं. शिवाय १८ जुलै २०२२ पासून पॅक केलेल्या लेबलवाल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही, त्यामुळं तूरडाळीत फार फरक पडत नाही, निवडून घेता येते ते वेगळंच. आणि मागची बाकी मार्टात जायच्या आधी द्यायची, नंतर नाही. ह्यात महिन्याला शंभर-सव्वाशे जातील आमचे. ह्यांनी हिशेब ऐकला आणि "बघ बाई" म्हणून कुशीवर वळले.

संध्याकाळीच खरंतर अण्णांच्या कानावर घालून आले होते, म्हणलं अण्णा, इथून पुढं बाकी पाच तारखेच्या आत देत जाईन. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं, खूश झाले, म्हणाले, "लई बरं झालं वहिनी, तेवढी रोकड हातात आली की बबनला पहिल्याच आठवड्यात मार्टात पाठवतो, ऑफर असतात ओ तवा. तुमचं पण काय आणायचं असलं तर सांगा, रिक्षाचे वाचतील."