हे सगळं संस्थेला का देत नाही?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, व्याख्यान संपल्यावर चहाचा कप हातात असताना विचारतात, गेल्या आठवड्यात सख्ख्या भाचीनेही विचारलं. "मावशी, हरिभाऊ आपट्यांचं एवढं जमवलंयस, ते एखाद्या संस्थेला का नाही देऊन टाकत?" त्यातलं 'टाकत' मला लागतं. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण तुम्ही विचारताच आहात, तर एकदा सगळं सांगते.

हरिभाऊ म्हणजे कादंबरीकार हरि नारायण आपटे, आणि 'करमणूक' हे त्यांनी चालवलेलं साप्ताहिक. विचारणाऱ्यांना हे माहीत असतं, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. माझ्याकडे आहे ते एका गोदरेजच्या कपाटात आणि दोन ट्रंकांमध्ये मावतं. 'करमणूक'चे सुटे अंक, कादंबऱ्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, वर्तमानपत्रांची कात्रणं, कुणाकुणाच्या घरच्या वाचनाच्या वह्या, विद्यार्थ्यांसाठी निघालेली गाईडं. मी मराठीची एम.ए. नाही. बी.कॉम. झाले आणि एकतीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काढली. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचं, गोधडीवर मांडलेल्या पितळी भांड्यांच्या आणि नटबोल्टांच्या मधून कागद हुडकायचे, हा माझा अभ्यास. पहिला अंक मला तिथेच मिळाला, एका फुटलेल्या फोटोफ्रेमच्या पाठीमागे, काचेला आधार म्हणून घडी घालून खुपसलेला.

हरिभाऊच का, हेही विचारतात. माझ्या आईची आत्या सोवळी होती, म्हणजे केशवपन केलेली विधवा. मी सहा वर्षांची असेन, तिच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने सरकला आणि मी किंचाळले. तिने शांतपणे पदर पुन्हा घेतला आणि मला जवळ ओढलं. पुढे कॉलेजात हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचताना नायिकेच्या, यमुनेच्या, केशवपनाशी आले आणि पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसले. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही माझ्याकडे नाही.

"पण ती कादंबरी तर कुठेही मिळते," असं लगेच कुणीतरी म्हणतं. मिळते. पुस्तक म्हणून ती १८९३ साली आली, आणि आजही पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं फिरलात तर हातात पडते. हरिभाऊंना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. ३ मार्च १९१९ ला ते गेले, पंचावन्न पुरी व्हायला पाच दिवस कमी होते. त्यांचं लेखन कधीच सगळ्यांचं झालं आहे, ते कुणी कपाटात कोंडून ठेवू शकत नाही. पण पुस्तक होण्याआधी ती कादंबरी 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्याने आली. यमुनेचं पुढे काय होणार, हे न कळता लोक पुढच्या अंकाची वाट बघत. एक अंक घरात किती हातांतून जाई, कोण मोठ्याने वाची, माजघरात कोण ऐकत बसे, हे पुस्तकात नाही. ते असलंच तर त्या अंकांवर आहे. तेलाच्या बोटाचा डाग, दुमडलेला कोपरा, मागच्या पानावर केलेली दुधाच्या रतिबाची बेरीज. माझा जीव अडकलाय तो यात.

आता २००६ सालचं सांगते. हे मी पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही.

माझ्याकडच्या अंकांपैकी एकावर, केशवपनाचा भाग ज्यात आहे त्या अंकावर, डाव्या पानाच्या बाहेरच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. तीन छोट्या ओळी, एकीखाली एक, जुन्या मोडी लिपीत. बरीच वर्षं मला ती कुणा पोराची रेघोट्यांची करामत वाटली. मग त्यासाठीच मी मोडीच्या वर्गाला गेले, एका उन्हाळ्यात, रोज संध्याकाळी. मोडीत अक्षरं एकमेकांना धरून चालतात, हात न उचलता लिहिलेली, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पेन्सिल पुसट झालेली. भिंगातून, खिडकीशी धरून, तीन दिवस खपून मी वाचलं:

ताईचे
ही असेच
केले

पहिल्या अक्षराबद्दल शंका होती. आमचे मोडीचे सर म्हणाले, 'ता' नसेल, 'बा' असेल. 'ताईचे' की 'बाईचे'? त्यावर आम्ही तासभर वाद घातला. 'ताई' असेल तर लिहिणाऱ्याची किंवा लिहिणारीची बहीण. 'बाई' असेल तर घरातली कुणीही, आई असेल, आत्या असेल, किंवा शेजारची. पण तिसऱ्या ओळीबद्दल आमचं एकमत होतं. 'झाले' नाही, 'केले'. तिचं असंच झालं, असं म्हणून सुटता आलं असतं. लिहिणाऱ्याने तसं म्हटलेलं नाही. कुणीतरी केलं, आणि कुणी केलं ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

त्याच वर्षी एका संस्थेतून विचारणा झाली. नाव घेत नाही, घेणारही नाही. माझ्याकडचे सगळ्यांत जुने बावीस अंक त्यांच्या ग्रंथालयात ठेवावेत, म्हणजे अभ्यासकांना मिळतील. मी हो म्हटलं. पत्र लिहिलं, त्याची प्रत आजही माझ्याजवळ आहे. "हे धन एका घरात राहू नये, सर्वांसाठी खुले व्हावे" वगैरे. वाक्यं चांगली आहेत. त्या वाक्यांमागचं मात्र पत्रात नव्हतं, ते आज लिहिते. त्यांनी देणगीदारांच्या फलकावर माझं नाव घालू असं सांगितलं होतं. आयुष्यभर हिशेबाचे ताळे जुळवलेल्या बाईचं नाव प्राध्यापकांच्या नावांशेजारी लागणार होतं, आणि मला ते हवं होतं. अंक घेऊन रिक्षात बसले तेव्हा मी नवी साडी नेसले होते.

सोबत यादी दिली होती. त्यात त्या अंकापुढे लिहिलं होतं, "समासात मोडी मजकूर, जपावा."

आठ महिन्यांनी बघायला गेले. बावीस अंकांचा एक जाड ग्रंथ झाला होता. काळं कापड, कण्यावर सोनेरी अक्षरं. शिपायाने तो टेबलावर ठेवला आणि कडा बघताक्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. तिन्ही कडा आरशासारख्या सपाट होत्या. बाइंडरने शिवण घालून, सगळे अंक एका मापात यावेत म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं होतं. त्याची चूक नाही, बांधणीत असंच करतात, वह्यांचंही असंच करतात. मी पान शोधलं. समास होता त्याच्या निम्माच उरला होता. डावं पान, त्यामुळे कापली गेली ती ओळींची सुरुवात. उरलं होतं:

ईचे
असेच
ले

वाद होता ते अक्षरच गेलं. 'ता' की 'बा', आता कधीच ठरणार नाही. ते अर्ध्या बोटाचं कात्रण बाकीच्या किसाबरोबर पोत्यात भरून रद्दीत गेलं असणार. आणि 'केले'मधला 'के' गेल्यावर उरलेला 'ले' 'केले'चा आहे की 'झाले'चा, हेही आता नुसत्या पानावरून कुणी सांगू शकणार नाही.

मी काही बोलले नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, "छान झालंय ना?" मी हो म्हटलं. फलकावरचं नाव बघायचंही राहिलं. घरी येऊन वही काढली, त्यात मी त्या तीन ओळी माझ्या हाताने उतरवून घेतल्या होत्या. झेरॉक्स काढली नव्हती, पेन्सिल त्यात उमटली नसती. फोटो काढायचं सुचलंच नव्हतं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं एका कागदावर टिकलेल्या त्या वाक्याला आता माझ्या वहीशिवाय आधार नाही. सर वारले. त्यांच्या 'बा'लाही आता मीच साक्षीदार.

म्हणून देत नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं.

पण पुढचंही सांगायला हवं. मी दिले नाहीत ते अंक माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांची अवस्था त्या काळ्या ग्रंथापेक्षा वाईट आहे. त्या काळचा कागद असा आहे की आधी तपकिरी होतो, मग घडीवर तुटतो, मग बोटाला चुरा लागतो. कडुनिंबाचा पाला घातला, डांबरगोळ्या घातल्या, तरी एका पावसाळ्यात कसर लागलीच. आणि नव्वदच्या सुमाराला, काही कळत नव्हतं तेव्हा, मी स्वतःच्या हाताने फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावली आहे. आज ती पट्टी चहाच्या रंगाची झाली आहे आणि तिच्याखालची अक्षरं वाचता येत नाहीत. बाइंडरने अर्ध्या बोटाचा कागद कापला, मी कितीतरी ओळी झाकल्या. संस्थेतले बावीस अंक आजही उघडता येतात. माझे उघडायला मला भीती वाटते.

एक मुलगीही आठवते. साप्ताहिकातले हप्ते आणि छापील पुस्तक यांतल्या फरकांवर पीएच.डी. करत होती. माझ्याकडे असलेला एक अंक तिला हवा होता. दोनदा घरी आली, दुसऱ्यांदा येताना माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली. मी तिला चहा दिला, गप्पा मारल्या, अंक दाखवला नाही. "सापडत नाहीये गं," म्हणाले. तो कपाटात दुसऱ्या खणात होता. तेव्हा मला वाटलं होतं, मी तो अंक वाचवतेय. तिचा प्रबंध त्या अंकाशिवाय पूर्ण झाला. नंतर तिचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

तेव्हा २००६ सालच्या त्या नव्या साडीतल्या बाईशी मी जेव्हा भांडते, तेव्हा तीही उलट बोलते. ती म्हणते, मी निदान दिले. तू काय केलंस? मला उत्तर सुचत नाही. मी म्हणते, तू यादीत लिहून मोकळी झालीस, बांधायला टाकण्याआधी मला बोलवा एवढं तोंडाने सांगायला तुझं काय जात होतं? ती म्हणते, मग आज ही अट घालून दे की. आणि मग मी दुसरी काहीतरी अट शोधते.

"निदान स्कॅन करून टाका", हेही सगळे सांगतात. भाच्याने मोबाइलवर फोटो काढायला शिकवलंय. उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी नऊ ते अकरा, ऊन अंगावर न येता उजेड मिळतो तेवढ्या वेळात मी पानं काढते. सहाशेच्या वर झाली आहेत. समासासकट, मागच्या रतिबाच्या हिशेबासकट. हे २००५ मध्ये केलं असतं तर, हे रोज मनात येतं.

गेल्या महिन्यात त्या ग्रंथालयात पुन्हा गेले. आता तिथे नवा मुलगा आहे ग्रंथपाल म्हणून, तिशीचा असेल. मी ते पान उघडून त्याला दाखवलं आणि सगळं सांगितलं. मी काय वाचलं होतं ते, सरांचा 'बा', सगळं. त्याने मान खाली घालून पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आजी, हे आपण नोंदीत घालू या. तुम्ही लेखी द्या." आणि एक छापील अर्ज दिला.

अर्ज टेबलावर आहे. नाव, पत्ता, ग्रंथाचा दाखल क्रमांक, पान, सगळं भरलंय. दुरुस्तीचा तपशील या रकान्यात दोन्ही वाचनं लिहिली, 'ताईचे' आधी आणि 'बाईचे' नंतर, मग खोडून क्रम उलटा केला, मग पुन्हा पहिल्यासारखा केला. त्याच्याखाली 'पुरावा' असा रकाना आहे. वहीचं ते पान फाडून जोडायचं, की फोटो जोडायचा, हे अजून ठरत नाही. वही दिली तर ती त्यांच्याकडे जाईल.