वाणसामानाच्या यादीला पेलिकन

घरी येणारा माणूस टेबलावरचं पेन उचलतो, किंमत विचारतो आणि ती ऐकल्यावर जरा दबकत खाली ठेवतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "यानं लिहिता काय?" तूरडाळ एक किलो, जाडा रवा, खोबरेल. दुधाचा हिशेब, मावशींचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख. हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर, पैठणी नेसून भांडी घासायला बसलेली बाई पाहावी तसा भाव येतो.

पेन शाईचं, पेलिकन कंपनीचं, सूवरेन एम 800 हे मॉडेल. हिरव्या-काळ्या उभ्या पट्ट्यांचं. उजेडात धरलं की पट्ट्यांच्या मधून आतली शाई किती उरली ते दिसतं. खिशाला लावायच्या क्लिपला पक्ष्याच्या चोचीचा आकार आहे. नोकरी संपताना मी ते स्वतःच स्वतःला दिलं. त्या पैशात बऱ्यापैकी मोबाईल आला असता, हे घरच्यांनी मला तेव्हाच सांगून झालंय.

जर्मनीतल्या हॅनोव्हरची ही कंपनी मुळात पेनवाली नव्हे. 1838 पासून शाई आणि रंग हा तिचा धंदा. पुढे मालक झालेल्या ग्युंथर वाग्नर यांच्या घराण्याच्या चिन्हात पाणकोळी, म्हणजेच पेलिकन पक्षी होता, तो 1878 मध्ये कंपनीचा शिक्का झाला. पेन बाजारात आलं ते थेट 1929 साली, म्हणजे नव्वद वर्षं शाई विकून झाल्यावर. मला हे फार पटतं. शाई कशी वागते हे ज्याला ठाऊक, त्यानंच पेन करावं. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातून कॅमलिन उभी राहिली. माझ्या जर्मन पेनात कॅमलिनचीच रॉयल ब्लू असते. पिशवीसारखी चोच असलेला पक्षी आणि वाळवंटातला उंट, दोघं मिळून माझी डाळ-तांदळाची यादी पार पाडतात.

लहानपणी ड्रॉपरनं शाई भरायची म्हणजे बोटं, फ्रॉक आणि वर्तमानपत्राचा एक कागद निळा व्हायचाच. इथे निब दौतीत बुडवायची आणि मागची घुंडी फिरवायची. आतला दट्ट्या सरकतो आणि शाई वर येते. थिओडोर कोवाच नावाच्या अभियंत्याच्या पेटंटवर हे उभं आहे. खुबी अशी की घुंडी थोडीच फिरते, पण दट्ट्या लांबचा पल्ला गाठतो. ही घुंडी फिरवताना हाताला जो घट्ट, मऊ रेटा जाणवतो, त्यासाठी मी कधीकधी पेन रिकामं व्हायच्या आधीच भरते.

निब अठरा कॅरेटची. सोनं मिरवण्यासाठी असतं असा सगळ्यांचा समज, पण त्याचं मूळ कारण साधं आहे. पूर्वीच्या शाया आम्लधर्मी असायच्या, पोलादाला गंज चढायचा, सोन्याला काही होत नसे. कागदाला टेकतं ते मात्र सोनं नसतंच. ते इतकं मऊ की झिजून जाईल. टोकाला एका फार कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी डकवलेला असतो. "दुसऱ्याला पेन दिलं की निब बिघडते" असं आम्हाला शाळेत बजावायचे. बिघडते ती झिजून नव्हे, बॉलपेनची सवय झालेला माणूस दाबून लिहितो आणि निबेचे दोन्ही पाय फाकतात म्हणून. बँकेत कुणी "एक मिनिट हं" म्हणत हात पुढे केला की मी पर्समधलं बॉलपेन काढते. एकदा एका काकांनी पेलिकनच उचललं होतं, पण त्याचं टोपण आट्यांचं. ते बिचारे ओढत राहिले.

घेताना 'एफ', म्हणजे फाइन, बारीक टोकाची निब घेतली. देवनागरीला जर्मन 'एम', म्हणजे मध्यम टोक, झेपत नाही. 'ष्ट्य' नि 'द्ध'च्या गाठी बुजून जातात. जपान्यांची 'एफ' याहूनही बारीक असते, त्यांना चित्रलिपीतल्या गिचमीड रेघा सांभाळायच्या असतात ना. पण खरं सुख शिरोरेषेचं. शब्द लिहून झाला की वरून एक ओढ. बॉलपेननं ती ओरखड्यासारखी उमटते आणि घाईत लिहिताना आपण ती गाळतोच. या पेनानं मात्र 'साबुदाणा'वरची रेघसुद्धा मी सावकाश देते.

अक्षर सुधारलं का? नाही. माझी 'भ' आणि 'म'ची गल्लत होती तशीच आहे. शाळकरी पोरांच्या स्वस्त पेनानंही यादी उत्तम लिहून होते, वाण्याला फरक कळत नाही. आणि त्याच्या छापील बिलाच्या गुळगुळीत कागदावर तर माझी शाई वाळतच नाही, नुसती फासली जाते.

तरी ते कपाटात ठेवायचा सल्ला मी मानत नाही. शाईचं पेन पडून राहिलं की निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत शाई वाळते, मग कोमट पाण्यात बुडवून घुंडी फिरवत बसा. सणासुदीला बाहेर काढलेलं पेन नेमकं तेव्हाच रुसतं. रोज चार ओळी लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

अडचण आहे ती एकच. ही निब इतकी मोठी की दौत अर्धी झाली की ती शाईत पुरती बुडत नाही आणि हवाच ओढली जाते. म्हणून उरलेली शाई मी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या, उभ्या बाटलीत ओतून ठेवते. घरात कुणी चुकून घोट घेऊ नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली आहे: 'शाई. पिऊ नये.' रॉयल ब्लू ओल्या हातानं पुसली जाते, तेव्हा चिठ्ठी बॉलपेननं लिहिली.