जानेवारीत खिडक्या सताड उघडायचं घर

रत्नागिरीच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला बुरशीचं काय कौतुक? जुलैत चपलांवर हिरवट थर, कमरेच्या पट्ट्यावर पांढरा, आणि अर्धवट वाळलेल्या गणवेशाचा तो कुबट वास. त्यामुळे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये भाड्याने घर घेताना भाडेकरारात ‘धुतलेले कपडे खोल्यांत वाळत घालू नयेत, तळघरातली खोली वापरावी’ असं कलम दिसलं तेव्हा हसत हसत सही केली.

तळघर चार जिने खाली. तिथल्या ‘ट्रॉकनराउम’मध्ये, म्हणजे कपडे वाळवायच्या खोलीत, बिऱ्हाडांच्या पाळ्या ठरलेल्या. माझा वार मंगळवार, आणि मंगळवारी मी ऑफिसात. मग घडीचा स्टँड बेडरूममध्येच उघडला. त्या खोलीचा हीटर बंद, कारण गॅसचं बिल पाहिलं होतं. खिडकी मात्र दिवसभर कलती. इथल्या खिडक्यांचं हँडल वर फिरवलं की त्या वरच्या बाजूने आत झुकतात. म्हटलं, हवा खेळतेय की!

जानेवारीत कपाट सरकवलं. मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके, फोडणीतली मोहरी उडावी तसे. कपाटात अगदी खाली आजीच्या हातची गोधडी होती. उचलली, तर भिंतीकडची कड ओलसर आणि राखाडी. नाकाशी धरली आणि थेट जुलै महिना आला.

घरमालकीणबाई आल्या त्या हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र घेऊनच. आकडा 71 टक्के. हिवाळ्यात तो 40 ते 60च्या मध्ये असावा म्हणाल्या. मग प्रश्न : दिवसातून कितीदा ‘लुफ्टेन’ करता, म्हणजे खिडक्या उघडून हवा बदलता? आणि त्यापाठोपाठ : स्वयंपाक फार करता का? कुकरच्या शिट्या वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या असाव्यात.

दुसरा प्रश्न मला झोंबला. पहिल्याचं गणित मात्र नंतर पटलं. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाला जेमतेम 5. मशीनने पिळून दिलेल्या कपड्यांतही दोनेक लिटर पाणी उरतं. ते हवेत जातं आणि सगळ्यात गार भिंत गाठतं. माझ्या घरात ती भिंत म्हणजे हीटर बंद असलेल्या खोलीतला, कपाटाने झाकलेला कोपरा. कलत्या खिडकीने हवा धड बदलत नव्हती, आजूबाजूची भिंत तेवढी गारठत होती. उपाय नेमका उलटा : हीटरची चावी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडायच्या, परत लावायच्या, हीटर पुन्हा सुरू. असं दिवसातून दोन-तीनदा. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की कोरडी होते, आणि एवढ्या वेळात भिंती काही गार पडत नाहीत.

आईला फोनवर सांगितलं. “अगं, बाहेर बर्फ आणि तू खिडक्या उघडून बसतेस? एवढे पैसे भरून घर तापवायचं कशाला मग?” मग म्हणाली, व्हिनेगरने पूस. तेही पुसून झालं होतं. नंतर वाचलं, की इथलं सरकारी पर्यावरण खातं घरगुती व्हिनेगर नको म्हणतं, कारण गिलाव्यातला चुना त्याचं आम्लच मारून टाकतो. अशा लहानशा डागाला 70 ते 80 टक्क्यांचं अल्कोहोल. जवळपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. ही इमारत साठच्या दशकातली, भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर नाही. 2018च्या डिसेंबरमध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलंय, की घर त्या काळच्या बांधकाम-नियमांप्रमाणे उभं असेल, तर असे गार कोपरे हा आपोआप घराचा दोष ठरत नाही. म्हणजे जुनी भिंत मालकाची आणि तिला सांभाळून श्वास घ्यायचं काम भाडेकरूचं.

शेवटी भिंत बाईंनी रंगवून दिली. कपाट मी दहा सेंटिमीटर पुढे ओढलं. खालच्या आजोबांनी त्यांचा शनिवार मला दिला, माझा मंगळवार घेतला.

गोधडी मात्र त्या तळघरात न्यायला मन होईना. ती धुऊन, हीटरजवळ सुकवून (हो, घरातच!) बॅगेत ठेवलीय. मेमध्ये रत्नागिरीला जाईन तेव्हा खळ्यात उन्हं दाखवेन.